गुलाबी होईपर्यंत

माणूस खरा कसा आहे हे संकटात कळत नाही आणि सुखात तर मुळीच कळत नाही; त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवाव्यात आणि 'यातली कुठली बरी?' असं विचारावं, म्हणजे तो कळतो. हे वाक्य एखाद्या दाढीवाल्या विचारवंताच्या तोंडी शोभलं असतं. प्रत्यक्षात ते बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात, पडद्यामागच्या अंधाऱ्या खोलीत ऐकू येई, आणि ऐकणाऱ्याच्या नाकावर त्या वेळी नंबर काढायची जड लोखंडी फ्रेम असल्यामुळे त्याला साधी मानही डोलावता येत नसे.

दुकानाच्या मालकांना सगळे चष्मेवाले म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, शेजारी म्हणत, आणि बायको होती तोवर तीही म्हणे. विशेषतः दूध उतू जात असताना ते शेजारी उभे राहून वर्तमानपत्र वाचत असले की.

धंदा त्यांना एका म्हाताऱ्या उस्तादानं शिकवला होता. त्याचा पहिला नियम असा, की गिऱ्हाइकाला 'दिसतं का?' म्हणून विचारायचं नाही. माणूस मुळात भिडस्त. समोरचा एवढी खटपट करतोय म्हटल्यावर तो 'हो, दिसतं की' म्हणून मोकळा होतो, आणि पुढच्या आठवड्यात डोकं धरून परत येतो. म्हणून दोन काचा दाखवायच्या, एकीनंतर एक, आणि विचारायचं, 'हे बरं, की हे?' आपल्याला काय वाटतं ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, कारण गिऱ्हाईक तक्त्याकडे कमी आणि आपल्याकडे जास्त बघत असतं. दुसरा नियम: गिऱ्हाईक 'आता दोन्ही सारखंच दिसतंय' असं म्हणालं, की थांबायचं. तिथं नंबर सापडला. त्यापुढे काचा बदलत बसलास तर हातात आलेला नंबर घालवशील.

या दोन नियमांवर चष्मेवाल्यांनी अख्ख्या बाजाराचे डोळे सांभाळले होते. नियम चांगले निघाले म्हणून त्यांनी ते घरीही नेले. लग्नाचं विचारतानासुद्धा ते तिला एवढंच म्हणाले होते, "शनिवार बरा, की रविवार?" ती म्हणाली रविवार. आपण लग्नाला होकार दिलाय हे तिच्या लक्षात यायला सोमवार उजाडला, असं ती पुढे सगळ्यांना सांगे, आणि सांगताना हसे, त्यामुळे चष्मेवाल्यांना पद्धत अचूक असल्याची खात्रीच पटली.

एकुलत्या एका लेकीला घरात बुटकी म्हणत. हे नाव ती तीन वर्षांची असताना पडलं आणि नंतर ती बापाच्या डोक्यावरून वर निघून गेली तरी कुणी ते काढून घेतलं नाही. बुटकी दोन काचांमध्येच वाढली. दूध की दही, निळा फ्रॉक की पिवळा, गोष्ट की गाणं. ती तोंडातला घास न गिळता उत्तर देई: पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं. हवं ते कधी तिसरंच असायचं, पण तिसरं मागायची वहिवाट त्या घरात नव्हती.

आता चष्मेवाल्यांची एक गोष्ट, जी दुकानात कुणालाही ठाऊक नव्हती. त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नसे. जन्मापासूनच. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खोट निघावी यात धंद्याची शोभा नव्हती, म्हणून त्यांनी डोळ्यात तेल घालून व्यवस्था लावली होती. लाल फ्रेमा डाव्या कपाटात, हिरव्या उजव्या, आणि मधे काचेचा दरवाजा. एखाद्या बाईनं विचारलं, "हा लाल आहे की मरून?" तर ते दुसरी एक फ्रेम तिच्यापुढे धरून म्हणत, "तुम्हाला कुठला बरा वाटतो?" बाईला वाटे, काय चोखंदळ माणूस आहे.

दुकानात हे निभावलं. स्वयंपाकघरात अडे, आणि तेही एकाच जागी.

चष्मेवाल्यांना करता येण्यासारखा एकच पदार्थ होता, तो म्हणजे लोण्यात परतलेली कोळंबी. लसूण, लोणी, मिरी, वर लिंबू, संपलं. दुकान बंद करून आलेल्या माणसाला उभ्या उभ्या जमेल असं ते जेवण. भानगड एवढीच, की कोळंबी कच्ची असते तेव्हा राखाडी, शिजली की गुलाबी, आणि गुलाबी झाल्यावर चार श्वास जास्त राहिली की खोडरबर. चष्मेवाल्यांच्या लेखी ती राखाडीची राखाडीच राही, आणि पुढे केव्हातरी एकदम काळी होई. मधलं स्टेशन त्यांची गाडी घेतच नसे. बहिणीनं एकदा सांगून पाहिलं होतं, की दादा, रंग सोड, शिजली की ती वाकडी होते, वाकडेपणावर नजर ठेव. चष्मेवाल्यांना ती पिशवीतून निघाल्यापासूनच वाकडी दिसे. घड्याळ लावून बघ म्हणाली. ते म्हणाले, घड्याळाला तरी कुठं गुलाबी दिसतं.

म्हणून घरात रीत पडली होती. चष्मेवाले तव्याशी उलथनं घेऊन उभे राहणार आणि म्हणणार, "सांग हं." बायको मागे इस्त्री करत असे. ती कॉलर उलटवता उलटवता मान वळवून एक नजर टाके आणि म्हणे, "झाली." चष्मेवाले तत्क्षणी गॅस बंद करत. इतक्या वर्षांत तिची 'झाली' एकदाही चुकली नाही, आणि चष्मेवाल्यांनी एकदाही मागे वळून 'नक्की का?' असं विचारलं नाही. एकच काच, आणि तिच्यावर पूर्ण भरवसा, असा व्यवहार त्यांनी आयुष्यात फक्त त्या तव्यापाशी केला.

ती गेल्यावर हे खातं बुटकीकडे आलं. बुटकी तेव्हा दुसऱ्या गावी फिजिओथेरपी शिकत होती. मग फोनवर व्हिडिओ लावून चष्मेवाले एका हातानं तो तव्यावर धरत आणि दुसऱ्या हातानं परतत.

"बाबा, फोन पुसा. मला नुसते ढग दिसतायत."

"पुसला. हे बरं, की मगाचं?"

"हे. जरा खाली घ्या. इतकं नको, फोन तळाल. थांबा. झाली."

कधी नेटवर्क नेमकं त्याच क्षणी अडके आणि पडद्यावर बुटकी तोंड उघडं ठेवून थिजे. ते तोंड 'झाली'साठी उघडलंय की 'नाही'साठी, हे चष्मेवाले निरखून बघत बसत, आणि मग त्या दिवशी खोडरबर खात. पण फोन चालू राही. तोंडात खोडरबर असलं तरी बोलता येतं.

बुटकीचं शिक्षण झालं, तिथल्याच एका दवाखान्यात उमेदवारीही झाली, आणि तिला एकदम दोन नोकऱ्या चालून आल्या. एक मोठ्या शहरातल्या रुग्णालयात, दुसरी बंदराच्या गावी खेळाडूंच्या दवाखान्यात. दोन्ही घरापासून सारख्याच लांब, फक्त विरुद्ध दिशांना. शुक्रवारी दोघांनाही कळवायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी ती घरी येणार होती, एका रात्रीपुरती.

तिसरीही एक नोकरी होती. ती फक्त आपल्यालाच माहीत आहे अशी चष्मेवाल्यांची समजूत होती. पुलापलीकडच्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर नवा चष्मा करायला टाकायला आले असताना बोलता बोलता म्हणाले होते, की आमच्या फिजिओथेरपीच्या बाई सोडून गेल्या, पेशंट कॉरिडॉरमध्ये आपले आपणच गुडघे मोजत बसतात. पूल म्हणजे घरापासून चालत जाण्याचं अंतर. चष्मेवाल्यांनी त्या दिवशी डॉक्टरांचा नंबर दोनदा काढला, कारण पहिल्यांदा काढताना लक्ष नव्हतं.

तेव्हापासून ते पडद्यामागच्या खोलीत, दुकानात कुणी नसताना, तक्त्याकडे तोंड करून म्हणून बघत, "बुटके, इथेच राहतेस का?" वाक्य सुटसुटीत होतं. व्याकरण ठीक होतं. पण त्यात काच एकच होती. बापानं असं तोंडावर विचारल्यावर पोरगी भिडेनं हो म्हणणार, आई नाही, बाप एकटा, म्हणून हो म्हणणार, आणि मग चुकीच्या नंबराचं आयुष्य नाकावर चढवून हिंडणार. चष्मा निदान परत तरी आणता येतो.

गुरुवारी दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, आज येतेय ना ती? सरळ विचार हं. राहा म्हणावं."

"विचारीन."

"विचारीन नको. तुझं ते हे-की-ते नको. ती पेशंट नाहीये."

"म्हणून तर जपून विचारायचं."

"दादा, तू मला लहानपणी पतंग उडवायला येतेस का म्हणून कधी विचारलं नाहीस. दोरी धरशील की चक्री, म्हणालास. मी चक्री धरून बसले वर्षभर. मला दोन्ही नको होतं."

"मग तेव्हाच सांगायचं."

बहिणीनं फोन ठेवला.

संध्याकाळी दुकान बंद व्हायला उशीर झाला, आणि मासळीवाली तोवर टोपल्या धुऊन घरी गेली होती. चष्मेवाल्यांनी बसथांब्यासमोरच्या मोठ्या दुकानातून गोठवलेल्या कोळंबीचं पाकीट उचललं. त्यावर ठळक अक्षरांत 'सोललेली' होतं, खाली 'साफ केलेली' होतं, आणि त्याखाली आणखी एक शब्द होता, तो जरा बारीक होता. जवळचा चष्मा ते कामाच्या टेबलावरच ठेवून येत. दुकानाबाहेर वाचण्यासारखं काही नसतं असं त्यांचं मत होतं. सोललेली आणि साफ केलेली, एवढ्यावर ते खूश झाले. माणसानं आणखी किती अपेक्षा ठेवायची.

बुटकी आली ती हातात एक बॅग, पाठीवर एक आणि मागून चाकांवर एक असं लटांबर घेऊन.

"एका रात्रीसाठी एवढं?"

"खोली सोडली मी तिकडची. सगळं यातच आहे. इस्त्री तेवढी शेजारणीला दिली."

"सगळं आणलंस?"

"सगळं," बुटकी म्हणाली, आणि जराशी थांबली. चष्मेवाल्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बॅगा बाहेरच्या खोलीत ठेवू, की आतल्या?"

"आतल्या."

तिनं तोंड धुतलं, केस वर बांधले आणि ओट्यावर चढून बसली. उंचीमुळे तिचे पाय जमिनीला टेकत होते.

"ओट्यावर बसू नये, आई..." चष्मेवाले म्हणाले आणि पाकीट फोडायला कात्री शोधू लागले.

"आई काय?"

"काही नाही. बस."

पाकीट त्यांनी वाडग्यात रिकामं केलं आणि वर पाणी सोडलं. बुटकीनं वाकून वाडग्यात बघितलं. काहीतरी म्हणणार होती, पण चष्मेवाल्यांनी तोवर लसणीचा गड्डा तिच्यापुढे धरला होता.

"चिरू, की ठेचू?"

"चिरा."

"लोणी जास्त, की बेताचं?"

"जास्त. आज डॉक्टरकीच्या गप्पा नकोत."

"मिरी आत्ता, की नंतर?"

"नंतर. बाबा, तुम्ही माझा नंबर काढताय का?"

चष्मेवाले हसले. कांदा चिरताना जसं हसता येतं तसं. ते लसूण चिरत होते.

तवा तापला. लोणी फसफसलं आणि निवळलं. लसणीचा वास घरभर गेला, पार बॅगा ठेवल्या होत्या तिथपर्यंत. चष्मेवाल्यांनी वाडग्यातलं पाणी निथळून कोळंबी तव्यात सोडली, उलथनं हातात घेतलं, आणि नेहमीप्रमाणे मागे न बघता म्हणाले, "सांग हं."

"सांगते."

किती तरी दिवसांनी फोनशिवाय सांगणारं माणूस मागे होतं. चष्मेवाल्यांना एकदम हुशारी आली. शिवाय तोंड तव्याकडे असल्यामुळे चेहऱ्यावर काय दिसतंय याची चिंता नव्हती. विचारायचं तर हीच वेळ होती.

"उद्या कळवायचं ना तुला?"

"हो. सकाळीच."

"मग, मोठं शहर," त्यांनी कोळंबी एकदा उलटली, "की बंदर?"

बुटकीचं उत्तर आलं नाही. हे नवीन होतं. गिऱ्हाईक अडलं तर घाई करायची नसते, काचा पुन्हा दाखवायच्या असतात.

"सावकाश बघ. पुन्हा दाखवतो. मोठं शहर: काम जास्त, शिकायला जास्त, माणसाला माणूस विचारत नाही. बंदर: हवा चांगली, पेशंट सगळे तरणेताठे, संध्याकाळ मोकळी. हे बरं, की हे?"

दोन्ही बाजू त्यांनी इतक्या समतोल मांडल्या, की आवाजात कुठं चढ नाही, उतार नाही. उस्ताद असता तर पाठ थोपटली असती.

"आणि?" बुटकी म्हणाली.

"आणि काय?"

"आणखी काही दाखवायचंय का?"

तव्यातलं लोणी आता तपकिरी होऊ लागलं होतं. हेही चष्मेवाल्यांना दिसत नव्हतं, पण वास येत होता. ते 'झाली'ची वाट बघत होते. तिसरी काच अगदी बोटांत होती: पूल, पुलापलीकडचं रुग्णालय, कॉरिडॉर, गुडघे. नुसती पुढे करायची. पण ती पुढे केली तर पोरगी तिच्यातून तक्ता बघणार नाही, बापाचं तोंड बघेल, आणि हो म्हणेल. भिडेनं मिळालेला हो त्यांनी आजवर कुणाकडून घेतला नव्हता. तो लेकीकडून घ्यायचा?

त्यांनी कोळंबी आणखी एकदा उलटली.

"नाही, दोनच आहेत," ते म्हणाले. "मोठं शहर, की बंदर?"

"दोन्ही सारखंच दिसतंय, बाबा," बुटकी म्हणाली.

आणि इथं चष्मेवाल्यांच्या हातून ती गोष्ट घडली. त्यात विचार नव्हता, ठरवणं नव्हतं, सवय होती. हे वाक्य त्यांनी हजारो तोंडांतून ऐकलं होतं, आणि ते ऐकलं की त्यांच्या अंगातला सगळा ताण उतरे, खांदे सैल पडत, हात आपोआप मागे येई. दोन्ही सारखंच दिसतंय. संपलं. सापडला नंबर. यापुढे काचा बदलायच्या नाहीत.

"मग झालं," ते समाधानानं म्हणाले. "म्हणजे दोन्ही बरोबर आहेत. कुठलीही घे, त्रास व्हायचा नाही."

"हो का," बुटकी म्हणाली.

ती ओट्यावरून उतरली, त्यांच्या खांद्यावरून हात घालून तिनं स्वतःच गॅस बंद केला, आणि ताटं काढायला लागली. 'झाली' असं काही ती म्हणाली नाही.

टेबलाशी दोघं समोरासमोर बसले. पाव होता, लिंबू होतं, आणि मधे ती कोळंबी. पहिला तुकडा चावताना चष्मेवाल्यांना स्वतःच्या दातांचा आवाज ऐकू आला. दुसरा चावताना बुटकीच्याही.

"जरा जास्तच झाली."

"जरा?"

"तू सांगितलं का नाहीस?"

बुटकीनं पावाचा तुकडा लोण्यात फिरवला. "ती आधीपासूनच गुलाबी होती."

"केव्हापासून?"

"पाकिटातून निघाली तेव्हापासून. शिजवलेलीच येते ती, बाबा. नुसती गरम करायची होती. पाकिटावर लिहिलंय."

चष्मेवाल्यांनी कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. पाकीट वर लसणीच्या सालींत दिसत होतं. शब्द इथून वाचता येण्यासारखा नव्हता, आणि जवळून तर त्याहून नाही.

"मग तेव्हाच बोलायचंस."

"म्हटलं, मी 'झाली' म्हणाले की तुम्ही गॅस बंद कराल, मग जेवण, मग भांडी, मग झोप. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं. आत्या म्हणाली होती. तवा चालू आहे तोवर बोलाल म्हणून थांबले."

"बोललो की."

"हो. बोललात."

पुढे बराच वेळ दोघं चावत राहिले. कोळंबी अशी होती, की तोंड रिकामं व्हायला सवड मिळत नव्हती, आणि त्या दिवशी त्या खोडरबराचा तेवढा एक उपयोग झाला. शेवटी चष्मेवाल्यांनी विचारलं, "मग कुठलं घेतेस?"

"बंदर."

"का?"

"तुम्ही शेवटी तेच दाखवलंत."

गिऱ्हाइकाला कशातच काही दिसेनासं झालं, की ते शेवटची काच निवडतं. हेही उस्ताद सांगत असे. नियम म्हणून नव्हे, चहा पिता पिता.

तवा बुटकीनं घासला. तळाला लसूण करपून चिकटली होती, ती तिनं चमच्यानं खरवडून काढली. चष्मेवाले पुसायला उभे राहिले. त्यांनी तवा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, काच बघतात तसा, आणि म्हणाले, "तुझं तिकडं जेवणाचं काय?" आणि मग घाईनं पुढे जोडलं, "डबा, की स्वतः करशील?"

"स्वतः करीन," बुटकी म्हणाली. "तुमचं काय?"

"माझं काय. आहे ना फोन."

सकाळी ते तिला बसपर्यंत सोडायला गेले. चाकांची बॅग त्यांनी ओढली. ती इतकी जड होती, की एवढं ओझं कुणी एका रात्रीसाठी आणत नाही, हे त्यांच्या लक्षात रस्त्याच्या मध्यावर आलं. ते थांबले. बुटकीही थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"हात बदलतो," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी हात बदलला.

बस आली. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "पोचलीस की फोन करशील, की मेसेज?"

"मेसेज," बुटकी म्हणाली.

दुपारी बहिणीचा फोन आला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय विचारलंस?"

"मोठं शहर, की बंदर."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"दादा," बहीण म्हणाली, "मी आत्ता भाजी निवडतेय. नंतर करते." तिनं नंतर केला, पण बऱ्याच दिवसांनी, आणि दुसऱ्याच कामासाठी.

मोठे डॉक्टर आपला चष्मा न्यायला आले. चष्मेवाल्यांनी तो त्यांच्या नाकावर बसवला, कानामागच्या काड्या गरम करून वाकवल्या, वाचायला छापील कार्ड हातात दिलं. "हे बरं, की कार्ड थोडं लांब धरून बरं?"

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. "अहो, तुमच्या मुलीचं काय ठरलं शेवटी?"

"बंदर. तुम्हाला कसं माहीत?"

"तिचा फोन आला होता ना मला. तुम्ही मागे नंबर काढताना म्हणालात की मुलगी हेच शिकलीय, मग मीच कॉलेजमार्फत निरोप धाडला होता. चांगली बोलली. मी म्हटलं, जागा तुमचीच आहे, हो म्हणा. तर म्हणाली, गुरुवारी घरी जातेय, बाबा राहा म्हणाले तर शुक्रवारी रुजू होते." डॉक्टरांनी आरशात मान इकडून तिकडून वळवली. "शुक्रवारी आम्ही टेबलबिबल पुसून ठेवलं होतं. म्हटलं, नसतील म्हणाले तुम्ही. असतात एकेकाच्या घरच्या गोष्टी. बरी आहे का हो ही फ्रेम? जरा भडक नाही ना वाटत?"

चष्मेवाल्यांनी फ्रेमकडे बघितलं. ती डाव्या कपाटातली होती.

"नाही," ते म्हणाले. "शोभते तुम्हाला."

बंदराच्या गावी बुटकीचं बरं चाललंय. संध्याकाळी दवाखान्यात गर्दी असते. मोकळी संध्याकाळ ही चष्मेवाल्यांची कल्पना होती, ती खरी निघाली नाही. त्या वेळी फोन केला तर ती उचलत नाही, मागाहून मेसेज करते: काही अर्जंट होतं का? चष्मेवाले लिहितात, नाही.

कोळंबी ते अजून करतात. बसथांब्यासमोरच्या दुकानातून तेच पाकीट आणतात. ती शिजवलेली असते. नुसती गरम करायची.